पुन्हा चान्स कधी घ्यायचा?

प्रश्न : माझं वय 29. नवव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले नाहीत, पिशवी साफ करावी लागली. डॉक्टर म्हणतात, एक पाळी येऊ द्या. सासूबाई म्हणतात, पिशवी कच्ची झालीय, वर्षभर थांब. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : डॉक्टरांचं. पिशवी कच्ची होत नाही. पहिल्या तीन महिन्यांतले जवळपास निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या चुकीमुळे होतात. ही चूक बहुतेक वेळा त्या एका गर्भापुरतीच असते. तुम्ही जिना चढलात, प्रवास केलात किंवा पपई खाल्लीत म्हणून हे घडलेलं नाही, हे घरातल्यांनाही सांगा.

पूर्वी सहा महिने थांबायला सांगत. नंतरच्या अभ्यासांत त्याआधी दिवस राहिलेल्या स्त्रियांना जास्त त्रास झाल्याचं दिसलं नाही. एक पाळी येऊ देण्याचं कारण हिशेबाचं आहे. पाळीची तारीख माहीत असली की पुढच्या सोनोग्राफीत आठवडे नीट मोजता येतात. त्याआधीच दिवस राहिले तर घाबरू नका. गर्भपातानंतर दोन आठवड्यांतही बीज सुटू शकतं, त्यामुळे लगेच नको असेल तर पहिल्या संबंधापासूनच गर्भनिरोधक वापरावं लागतं. रक्तस्राव पूर्ण थांबेपर्यंत मात्र संबंध टाळा, जंतुसंसर्गाचा धोका असतो. तीन आठवड्यांनंतरही लघवीची टेस्ट पॉझिटिव्ह येत असेल, किंवा आठ आठवड्यांत पाळी आली नसेल, तर दाखवून या. पहिल्या प्रकारात आत काही राहून गेलेलं असू शकतं, दुसऱ्यात पिशवीचं अस्तर चिकटलेलं असू शकतं. आणि नव्याने दिवस राहिले असण्याची शक्यता दोन्हींत असतेच.

मधल्या काळात करायची कामं थोडी आहेत, पण ती खरोखर उपयोगाची आहेत. फोलिक ॲसिड 400 मायक्रोग्रॅम रोज, निदान महिनाभर आधीपासून ते बारावा आठवडा संपेपर्यंत. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भधारणेपासून 28 दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकल्याचं कळेपर्यंत निम्मा वेळ गेलेला असतो. दुकानात सहज मिळणारी गोळी 5 मिलिग्रॅमची असते, साडेबारा पट जास्त. मधुमेह, फिटची औषधं किंवा आधीच्या बाळाच्या मणक्यात दोष असेल तर ती लागते. तुम्हाला ती दिली असेल तर कशासाठी, ते विचारा. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर लोहाची गोळी, चहापासून तासभर दूर. रक्तगट निगेटिव्ह आणि पतीचा पॉझिटिव्ह असेल, तर पिशवी साफ केल्यानंतर 72 तासांत अँटी-डी इंजेक्शन (पुढच्या बाळाच्या रक्ताविरुद्ध तुमच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून) दिल्याची नोंद फाइलमध्ये शोधा. नोंद नसेल तर दिवस राहण्याआधी इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट करून घ्या, तशी प्रतिपिंडं झाली आहेत का ते त्यात कळतं. थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची तपासणी आधी झाली नसेल तर तीही आत्ताच करा. दोघंही वाहक निघालात तर पुढचा निर्णय शांतपणे घ्यायला वेळ मिळतो.

पतीनेही तंबाखू, गुटखा आणि दारू आत्ताच सोडावी. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून आज सोडलेल्याचा फायदा तेव्हा दिसतो.

एका पाळीनंतरच्या या सल्ल्याला दोन अपवाद आहेत. गर्भनलिकेतल्या गर्भासाठी मेथोट्रेक्सेट हे औषध दिलं असेल तर किमान तीन महिने थांबावं, कारण ते फोलिक ॲसिडच्याच कामात अडथळा आणतं. मोलर प्रेग्नन्सी (गर्भाऐवजी वारेची द्राक्षांच्या घडासारखी वाढ) होती, तर डॉक्टर सांगतील तोपर्यंत रक्तातलं बीटा-एचसीजी हे गरोदरपणाचं संप्रेरक तपासत राहायचं.

प्रश्न : वय 34, दोनदा गर्भपात झाला. टॉर्च टेस्टमध्ये आयजीजी पॉझिटिव्ह आलं, म्हणून औषधांचा कोर्स सुचवलाय. तो संपेपर्यंत थांबू का?
— एक वाचक, अमरावती

उत्तर : टॉर्च म्हणजे रुबेला, टॉक्सोप्लाझ्मा अशा काही संसर्गांची रक्ततपासणी. या एका तपासणीपायी कितीतरी जोडप्यांचे पैसे आणि महिने वाया जातात, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे तो संसर्ग कधीतरी होऊन गेला आणि शरीरात प्रतिकारशक्ती आहे. रुबेलाचं (जर्मन गोवर) आयजीजी पॉझिटिव्ह असणं तर चांगलंच. ते निगेटिव्ह असतं तर एमएमआर लस घेऊन महिनाभर थांबावं लागलं असतं. वारंवार गर्भपातांचं कारण टॉर्चमधून सापडत नाही. केवळ आयजीजी पॉझिटिव्ह आहे म्हणून कोर्स कशाला, हे विचारा आणि गरज वाटली तर दुसरा सल्ला घ्या.

दोन गर्भपातांनंतर उपयोगी पडतात त्या तपासण्या अशा : टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), पिशवीत पडदा आहे का हे पाहायला थ्रीडी सोनोग्राफी आणि अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज (रक्तात गुठळ्या करणारी प्रतिपिंडं). शेवटची पॉझिटिव्ह आली तर 12 आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, कारण साध्या तापानंतरही ती तात्पुरती वाढते. दोन्ही वेळा आली तर मात्र ॲस्पिरिन आणि हेपॅरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांनी खरा फरक पडतो. दुर्दैवाने पुन्हा तशी वेळ आलीच, तर गर्भाचा नमुना गुणसूत्रांच्या तपासणीसाठी सलाइनमध्ये पाठवायला सांगा. फॉर्मालिनमध्ये पेशी मरतात आणि कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची ही तपासणी, होत नाही.

प्रश्न : मुलीचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. बीपी वाढलं होतं, सिझर झालं. ती लगेच चान्स घ्यायचं म्हणते.
— एक आई, नाशिक

उत्तर : इथे पहिल्या उत्तरातला हिशेब लागू नाही. सिझरच्या टाक्यांची जागा भरून यायला वेळ हवा. दोन बाळंतपणांत निदान दीड वर्षाचं अंतर असावं, म्हणजे दिवस सिझरनंतर नऊ-दहा महिन्यांच्या आत राहू नयेत. तोवर बीपी, लघवीतलं प्रथिन आणि साखर तपासून घ्या. बीपीची गोळी चालू असेल तर ती गरोदरपणात चालणारी आहे का, हे आधीच विचारा, काही गोळ्या बाळाला घातक असतात. पुढच्या वेळी 12 व्या आठवड्यापासून रात्री कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात. ती उशिरा सुरू केली तर फायदा कमी होतो, म्हणून नाव लवकर नोंदवा. वारेचा पॅथॉलॉजी रिपोर्ट आला असेल तर फाइलला लावा.

ती झोपत नसेल, जेवत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. बाळाचं नाव तिच्यासमोर घ्यायला घाबरू नका.

प्रश्न : दिवस राहिल्यावर पूर्ण झोपून राहू का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : नाही. झोपून राहिल्याने गर्भपात टळत नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. पहिली सोनोग्राफी सातव्या आठवड्यात करा. पाचव्यात ठोके दिसत नाहीत आणि उगाच जीव टांगणीला लागतो. आधी गर्भपात झालेला असताना रक्त दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. अशा वेळी योनीमार्गातून दिलेल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा काहींना उपयोग होतो. एका बाजूला तीव्र दुखलं किंवा चक्कर आली, तर रात्र असली तरी थांबू नका.