आजोबांची ट्रंक आणि फॉन ब्रॉडी

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही चरित्रकार फॉन ब्रॉडींचं नाव घेतलंत. मी माझ्या आजोबांचं चरित्र लिहितेय. ते गावचे खोत. शाळा त्यांनीच काढली, अजून लोक नाव घेतात. पण माळ्यावरच्या ट्रंकेत कुळांच्या कबुलायती, म्हणजे जमीन कसण्याचे करार, निघाल्या, जमिनी काढून घेतल्याचे कागदही निघाले. काका म्हणतात, "तेवढं सोडून लिही." ब्रॉडींनी काय केलं असतं?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, त्यांनी सोडलं नसतं. त्यांचं घर तुमच्याहून अवघड होतं. अमेरिकेतल्या यूटामध्ये हंट्सव्हिल गावी, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या कट्टर कुटुंबात त्या वाढल्या. सख्खे काका डेव्हिड मॅके १९५१मध्ये त्या चर्चचे अध्यक्ष झाले. अशा घरातल्या मुलीने १९४५ साली पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याचं चरित्र लिहिलं. आपल्याकडे गुप्तधन दाखवणारे असतात ना, तसा तरुणपणी स्मिथ एका दगडाच्या खड्यात बघून पुरलेलं धन शोधायचा. त्यावरून १८२६मध्ये त्याला कोर्टात उभं केलं होतं. ब्रॉडींनी तेही मांडलं. पुढच्याच वर्षी चर्चने त्यांना बहिष्कृत केलं.

पण ते पुस्तक सूडाचं नाही, म्हणून मला ते फार जवळचं. माणसं आपलं घरदार सोडून स्मिथच्या मागे का गेली, हे त्यांनी जीव लावून समजून घेतलंय.

पुढे १९६७मध्ये त्यांनी ब्रिटिश प्रवासी-लेखक रिचर्ड बर्टनचं चरित्र लिहिलं. हा बर्टन १८४७मध्ये मुंबईहून फत्तेमारीने गोव्याला गेला होता, म्हणजे तुमच्याच किनाऱ्यावरून. १९७४मध्ये अमेरिकेचे एकेकाळचे अध्यक्ष थॉमस जेफरसन आणि त्यांच्या घरची गुलाम स्त्री सॅली हेमिंग्ज यांचं नातं त्यांनी मांडलं, तेव्हा मोठमोठे इतिहासकार तुटून पडले. १९९८च्या डीएनए तपासणीने हेमिंग्जच्या वंशाचा जेफरसन घराण्याशी दुवा दाखवला. ब्रॉडी १९८१मध्येच गेल्या होत्या.

मी आत्याचं चरित्र लिहिताना तिच्या सासरचा एक दावा गाळला. ते पान मला अजून झोपू देत नाही. तुम्ही असं करू नका.

कबुलायती मोडीत असतील तर जाणकाराकडून अक्षर न् अक्षर वाचून घ्या. जमिनी काढल्याचे कागद १९४९च्या खोती रद्द करणाऱ्या कायद्याआधीचे की नंतरचे, ते बघा. मग त्या कुळांच्या नातवंडांकडे जा. त्यांच्या ओटीवर बसून, आजोबांबद्दल त्यांच्या घरात काय बोललं जायचं ते ऐका. शाळेचं प्रकरण त्यानंतर लिहायला घ्या.