उलंगवाडी होऊ द्या, भाऊ

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय, सोबत कोटेशनचा फोटो. वय ३६. मोटार रिवाइंडिंगचं दुकान, सहा एकर वावर, पत्नी पतसंस्थेत नोकरीला, मुलगी सहावीत, मुलगा पहिलीत. दारात स्प्लेंडर आहे आणि ती राहणारच आहे. तिच्या जोडीला दसऱ्याच्या मुहूर्तावर रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० बाईक आणायची आहे. पत्राच्या शेवटी लिहितात, "बायको म्हनते, गाड्या दोन अन् बसनारा एकच. तुमीच सांगा, मी चुकतो काय?"

भाऊ, चुकत नाही. पंधरा वर्षं लोकांच्या जळालेल्या मोटारी भरून देणाऱ्या माणसाला एक गाडी निव्वळ हौसेची असावीशी वाटली, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त "शेतातही कामी येईल" हे जे पत्रात दोनदा लिहिलंय, ते मला नका सांगू आणि वहिनींनाही नका सांगू. १९६ किलोची गाडी पांदणीत, काळ्या मातीत आडवी झाली की उचलायला बांधावरून दोन माणसं बोलवावी लागतात. युरियाचं पोतं आणि फवारणीचा पंप स्प्लेंडरच्याच कॅरिअरवर जाणार. ही हौस आहे. हौस म्हणूनच तिचा हिशेब करू, म्हणजे तो खरा होतो.

आधी कोटेशन. ऑन-रोड ३,७१,०००, डाउन पेमेंट १,०१,०००, कर्ज २,७०,०००, हप्ते ३६, प्रत्येकी ९,०७५. कोपऱ्यात निळ्या पेनने "७% फ्लॅट" लिहून त्याभोवती गोल केलाय. हा गोल तेवढा महागात पडतो. फ्लॅट म्हणजे तुम्ही दरमहा मुद्दल फेडत असलात तरी व्याज शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण २ लाख ७० हजारांवरच धरलेलं. तीन वर्षांचं व्याज होतं ५६,७००. घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर जवळजवळ १३ टक्के पडतो. तेवढंच कर्ज एखाद्या बँकेकडून घटत्या शिलकीवर ११ टक्क्यांनी मिळालं, तर हप्ता ८,८४० च्या आसपास येतो आणि व्याज ४८ हजारांवर थांबतं. शोरूममध्ये एकच प्रश्न विचारायचा: "रिड्यूसिंगवर, म्हणजे घटत्या शिलकीवर, किती?" उत्तर द्यायला वेळ लागला तर समजून घ्या.

पण मला खरी काळजी व्याजाच्या दराची नाही, हप्त्याच्या तारखेची आहे.

तुम्ही आकडे प्रामाणिकपणे लिहिलेत, त्याबद्दल आभार. बरेच जण वर्षाचा आकडा बाराने भागून पाठवतात. ऑक्टोबर ते मार्च विहिरीवरच्या मोटारी चालतात, जळतात, म्हणून दुकानातून महिन्याला ४७ हजारांच्या घरात सुटतात. जून ते सप्टेंबर मोटारी बंद, दुकानात १३ हजार. वहिनींचे १४ हजार बारमाही. घरखर्च, फी आणि मुलीच्या सुकन्या समृद्धीचे दोन हजार धरून २८ हजार. म्हणजे पावसाळ्यात तुमचं घर आजच महिन्याला हजार रुपये उणं चालतंय. त्यावर ९,०७५ चा हप्ता ठेवा. चार महिन्यांत ४० हजारांचा खड्डा, आणि तोही नेमका बियाणं, खत, निंदण यांची बिलं अंगावर असताना. मग माणूस काय करतो, ते मी पाहिलंय. कृषी केंद्रात उधारी वाढते, नाहीतर बायकोची पोत सोनं-तारणाला जाते. बाईकचा हप्ता मात्र वेळेवर जातो, कारण तो खात्यातून आपोआप कापला जातो.

ट्रॅक्टरचं कर्ज घेतलेला शेजारी असेल तर त्याला विचारा. त्याला सहामाही हप्ता बसवून मिळतो, पीक निघालं की भरायचा. बाईकला ती सोय सहसा नाही. तिचं कर्ज पगारदार माणसाच्या मापाने शिवलेलं असतं आणि तुम्ही ते वर्षातून एकदाच पिकाचा चुकारा बघणाऱ्याच्या अंगात घालताय.

पीककर्ज फिरवून डाउन पेमेंट करता येईल का, असं तुम्ही हळूच विचारलंय. नाही. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तुम्हाला शून्य टक्क्याने पडतं. इतका स्वस्त पैसा तुमच्या आयुष्यात दुसरा नाही. मुदत चुकली की सवलत गेली आणि पुढच्या हंगामाला बँकेच्या दारात पत गेली. तो पैसा वावराचा आहे, त्याला रस्त्यावर आणू नका.

आता गाडीकडे येऊ. मी गाड्यांचा जाणकार नाही. पण ३५० सीसीवर सरकारने एक रेघ ओढली आहे आणि ती रेघ तुमच्या खिशातून जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यावरच्या गाड्यांना आधी सेस धरून ३१ टक्के पडत होते, त्यांचे ४० झाले. करापूर्वी २ लाख २० हजारांची गाडी धरा. रेघेच्या अलीकडे असेल तर कर ३९,६००, पलीकडे असेल तर ८८,०००. विम्यालाही तीच रेघ. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. २०२२ च्या दरपत्रकात तो १५० ते ३५० सीसीला ७,३६५ आणि ३५० च्या वर १५,११७ आहे, वर जीएसटी वेगळा. हिमालयनचं इंजिन ४५२ सीसी. त्या वरच्या शंभर सीसीसाठी तुम्ही पन्नास हजारांहून जास्त नुसता कर आणि विमा भरताय, गाडीचा एक नटही त्यात जास्त येत नाही.

रेघेच्या अलीकडे आता पूर्वीसारखा दुष्काळ राहिलेला नाही. टीव्हीएसची अपाचे आरटीएक्स ३०० ऑक्टोबर २०२५ मध्ये १ लाख ९९ हजारांपासून एक्स-शोरूम आली. २९९ सीसी, इंजिनाची ताकद ३६ पीएस. हिमालयनचे ४० पीएस आहेत. हा चार पीएसचा फरक तुम्हाला कारंजा रोडवर कळणार नाही, लडाखच्या घाटात कदाचित कळेल. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स २५० सीसीची आहे, लांब पल्ल्याला आरामशीर म्हणतात. कच्च्या रस्त्याची खरीच आवड असेल तर हीरोची एक्सपल्स २१० या दोन्हींहून स्वस्त. यातली कुठली, ते तुम्ही चालवून ठरवा. घेण्याआधी सर्व्हिस सेंटर यवतमाळला आहे की अमरावती-नागपूरला, ते मात्र विचारा. तुम्ही स्वतः मिस्त्री माणूस आहात, क्लचप्लेट बदलाल. पण आजच्या गाडीचा सेन्सर गेला तर मल्टिमीटर लावून भागत नाही.

फिरणार कधी, हाही हिशेब पैशाचाच आहे. तुमची यादी सुंदर आहे: चिखलदरा, सेमाडोह, धारणी, लोणार, भामरागड आणि शेवटी लडाख. आपल्याकडे फिरायचा मोसम थंडीचा, आणि थंडीत तुमच्या दुकानासमोर मोटारी रांगेत पडलेल्या असतात. एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांत जाडजूड रायडिंग जॅकेट घालून दिग्रसपर्यंत जाऊन दाखवा. उरतो पावसाळा. मेळघाट तेव्हाच पाहावा, कबूल. पण हात रिकामा असतो तोही तेव्हाच. समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही, त्यामुळे कोटेशनसोबत मिळालेल्या पत्रकातला तो मोकळा सहापदरी रस्ता विसरा. वर्षाला वीस दिवस निघतील का तुमचे? लडाखचं म्हणाल तर मनालीपर्यंत जातानाच दीड हजारांहून जास्त किलोमीटर मोडतात. रेल्वेने, पुढे बसने जाऊन तिथे गाडी भाड्याने घेणारे पर्यटक वेडे नाहीत.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला गाडीपेक्षा तीच मोठी वाटते. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला १० टक्केच रक्कम भरून पंप मिळतो, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के, आणि पाच वर्षं दुरुस्ती कंपनीच्या गळ्यात. तुमच्या गावशिवारात किती बसले, ते मोजा. व्होल्टेज खालीवर होऊन मोटार जळते, म्हणून तुमचं दुकान चालतं. सौर पंपाची मोटार पहिली पाच वर्षं तुमच्याकडे येणार नाही; त्यानंतर येईल, पण तेव्हा कंट्रोलर उघडता येणाऱ्याकडेच येईल. ४७ हजारांचा महिना तीन वर्षांनी तसाच राहील, असं धरून मी ३६ हप्त्यांवर सही करणार नाही. यंदाच्या हंगामातले वीस-पंचवीस हजार ते काम शिकायला आणि अवजारांना आधी काढून ठेवा. वाइंडिंगचं टेबल विकून दुसऱ्या धंद्यात पडा असं म्हणत नाही, तुमच्याच टेबलावर उद्या काय येणार आहे तेवढं बघा.

मग करायचं काय? दसरा सोडा. ऑक्टोबर ते मार्च तुमच्या घरात महिन्याला साधारण ३३ हजार शिल्लक पडतात. त्यातले २० हजार वेगळ्या खात्यात टाका, सहा महिन्यांत १ लाख २० हजार. कापसाच्या पैशाला हात लावायचा नाही; त्यातून पीककर्ज आणि पुढची पेरणी. एफडी २ लाख ४० हजारांची आहे. सहा महिन्यांचा घरखर्च १ लाख ६८ हजार तिथेच राहू द्या, वरचे ७० हजार तुमचे. पराटीची उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी उरकली, हिशेब मिटले, की शोरूममध्ये जा. रेघेच्या अलीकडची गाडी ऑन-रोड अडीच लाखांच्या आतबाहेर बसेल. सव्वा लाख रोख, १ लाख २० हजारांचं दोन वर्षांचं कर्ज, हप्ता ५,६०० च्या आसपास. एफडीतल्या त्या ७० हजारांतून पावसाळ्याचे चार हप्ते, म्हणजे साडेबावीस हजार, पहिल्याच दिवशी हप्त्याच्या खात्यात ठेवून विसरून जा. वीस हजार चांगलं हेल्मेट, जॅकेट, गुडघ्याचे गार्ड यांना. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड किती, तो कागदावर लिहून घ्या, कारण पुढच्या डिसेंबरात तुम्ही ते बंद करू शकाल.

सहा महिने थांबून वीस हजार बाजूला पडलेच नाहीत, तर गाडी परवडत नव्हती हेही फुकटात कळलं.

आणि त्याआधी टर्म इन्शुरन्स. तुमच्याकडे पाच लाखांची एक जुनी पॉलिसी आहे, तिने दोन लेकरांचं काहीच होत नाही. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघाती संरक्षण येतं, पण ते अपघातापुरतंच. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी त्याच २२ सप्टेंबरपासून शून्य झालाय. पॉलिसी हातात आल्याशिवाय टेस्ट राइडलाही जाऊ नका, असं मी माझ्या सख्ख्या भावाला सांगितलं होतं. तो आधी टेस्ट राइडला गेला, ते सोडा.

तुम्हाला ४५० च हवी असेल, दुसरी नकोच असेल, तर दोन-तीन वर्षं जुनी बघा. विम्याच्या तक्त्यात दोन वर्षं उलटलेल्या गाडीची किंमत ३० टक्के घटलेली धरतात, तीन उलटली की ४० टक्के. ती घट पहिल्या मालकाने सोसलेली बरी. सर्व्हिसची नोंद, बँकेचा बोजा उतरल्याची आरसीवरची नोंद आणि चेसिसखालचे ठोके, एवढं तुमच्या नजरेतून सुटणार नाही.

राहिला वहिनींचा मुद्दा. बसणारा एकच का राहावा? कुठलीही गाडी पसंत करायला जाताना त्यांना सोबत न्या आणि मागच्या सीटवर त्यांनाच आधी बसवा. या सगळ्या गाड्या उंच असतात. हिमालयनची पुढची सीटच ८२५ मिलिमीटर आहे, मागची त्याहून वर. साडी नेसून तिथे चढता आलं नाही, तर चिखलदऱ्याला तुम्ही एकटेच जाणार, आणि परत आल्यावर मला दुसरं पत्र लिहिणार.