आधी पाण्याची वाट शोध

प्रिय दोस्ता,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि दुरुस्तीचा मसुदा वाचला. साठ वर्षांचं मातीचं धरण, पायथ्याशी ओल, सांडव्याच्या (पुराचं जादा पाणी सोडून देणाऱ्या वाटेच्या) काँक्रीटला भेगा, विमोचकाचा (धरणाखालून पाणी सोडायच्या नळाचा) दरवाजा अडकतो. आणि मसुद्यात पहिल्या पानापासून काँक्रीट, ग्राउटिंग (भेगांत दाबाने सिमेंट भरणं), पुन्हा काँक्रीट. जरा थांब. पाणी कुठून शिरतं, कुठून निघतं आणि जाताना सोबत काय नेतं, हे कळल्याशिवाय जुन्या धरणाला हात लावू नये.

पायथ्याची ओल बघून घाबरू नकोस. मातीचं धरण पाझरतंच. तलावाची पातळी तीच असताना पाझर वाढला, नव्या जागी फुटला किंवा पाणी गढूळ झालं, तर मात्र झोप उडाली पाहिजे, कारण गढूळ पाणी म्हणजे धरणाची माती वाहून चालली. पाझराच्या चरात पाणी मोजायला व्ही आकाराच्या खाचेची पट्टी असेल, तिची जुनी नोंदवही शोध. नव्वद अंशांच्या खाचेवर 10 सेंटिमीटर पाणी म्हणजे सेकंदाला साधारण साडेचार लिटर. 12 सेंटिमीटर झालं की जवळजवळ सात. पट्टीवर दोनच सेंटिमीटरचा फरक, पण पाझर दीडपट! म्हणून ‘किंचित वाढ’ असा शेरा कुणी लिहू लागला तर त्याच्याकडून आकडा माग, आणि आकड्याशेजारी त्या दिवशीची तलावाची पातळी.

पाझर खालच्या बाजूने बुजवायची कल्पना मसुद्यातून काढून टाक. तिथे चिखल किंवा काँक्रीट थापलंस तर आतला दाब चढतो आणि पाणी दुसरीकडून, बहुधा जास्त वाईट जागेतून, बाहेर पडतं. तिथे उलटी गाळणी हवी: आधी वाळू, मग बारीक खडी, वर जाड खडी, शेवटी वजनाला दगड. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. वाळूच्या कणांचा आकार मूळ मातीच्या कणांशी जुळला पाहिजे, नाहीतर नुसता ढीग होतो. विमोचकाच्या नळाभोवती तर दुप्पट लक्ष दे. नळालगतची माती बांधकामाच्या वेळीच नीट दाबली गेलेली नसते आणि आतली झीज बऱ्याचदा तिथूनच सुरू होते. नळात कॅमेरा सोडून सांधे बघ. धरणावरची मोठी झाडं तोडायचा सपाटाही लावू नकोस. बुंधा तोडून मुळं आत कुजली की पाण्याला आयती वाट मिळते. मुळांसकट काढून खड्डा थराथराने दाबून भरावा लागतो.

आता सांडवा. 2017 च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल धरणाच्या सांडव्याची फरशी उखडली आणि पुढे जवळपास 1 लाख 88 हजार लोकांना घरं सोडावी लागली. तेव्हाचा विसर्ग सांडव्याच्या क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी होता. निचऱ्याच्या नळांवर फरशी पातळ होती, तिथेच भेगा होत्या, त्या वर्षानुवर्षं बुजवल्या जात होत्या. भेगेतून वेगवान पाणी खाली शिरलं, फरशी उचलली गेली आणि खालचा झिजका खडक टिकला नाही. भेगेवर मलम लावायच्या आधी हातोडीने फरशी ठोकत चाल. खणखणीत वाजली तर ठीक. बद्द वाजली तर खाली पोकळी आहे. तिथे गाभे (फरशीला भोक पाडून काढलेले नमुने) काढ, निचऱ्याचे नळ धुऊन वाहते कर, सांध्यांना पाणीरोधक पट्टी आणि खडकात रुतवलेल्या सळ्या दे. हे खर्चिक आहे. पण त्याशिवाय केलेला गिलावा म्हणजे निव्वळ रंगरंगोटी.

मसुद्यात पुराचा हिशेब कुठेच नाही, हे मला सर्वांत खटकलं. जुन्या सांडव्यांची रुंदी थोड्याच वर्षांच्या पाऊसनोंदींवर ठरलेली असते. 11 ऑगस्ट 1979 ला गुजरातेत मच्छू-2 या धरणावर सांडव्याच्या क्षमतेपेक्षा खूप मोठा पूर आला, पाणी मातीच्या भागावरून गेलं आणि खालचं मोरबी शहर वाहून गेलं. मातीच्या धरणाला माथ्यावरून पाणी सोसत नाही, मग सांडव्याचं काँक्रीट कितीही चकचकीत असो. तेव्हा नव्या नोंदींवरून पूर पुन्हा काढ. क्षमता कमी पडली तर सांडव्याची भिंत नागमोडी करून तेवढ्याच रुंदीत जास्त लांबी मिळवता येते. नाहीतर आणीबाणीचा दुसरा सांडवा. आणि जास्त पाणी साठवायला कुणी सांडव्यावर वाळूची पोती रचलेली दिसली, तर लाभधारकांचा रोष पत्करून ती काढायला लाव.

दुरुस्तीसाठी तलाव उतरवशील तेव्हा सावकाश उतरव. पाणी झटकन खाली गेलं तर भिजलेल्या मातीतलं पाणी आतच अडकतं, बाहेरचा आधार मात्र गेलेला असतो. वरच्या बाजूचा उतार दगडी अस्तरासकट घसरतो. दिवसाला किती उतरवायचं ते मातीच्या चाचण्यांवरून ठरव, ठेकेदाराच्या वेळापत्रकावरून नाही.

दरवाज्याचं कळलं. तो पावसाळ्याआधी, वीज गेली आहे असं धरून, हाताने पूर्ण उघडून बघ आणि किती वेळ लागतो ते लिहून ठेव. गेल्या पाच पावसाळ्यांच्या पाझराच्या नोंदी मिळाल्या की त्यांचे फोटो मला पाठव. अंदाजपत्रकातले आकडे त्यानंतर बघू.

तुझा,
एक जुना सहकारी