आधी गाडी सोडा

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि खरं सांगतो, चिडलोच. कोरोनाच्या टाळेबंदीत, एप्रिल 2020च्या सुरुवातीला जगाचं रोजचं कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन 2019च्या सरासरीपेक्षा सुमारे 17 टक्क्यांनी उतरलं, त्या घटीत जवळपास निम्मा वाटा रस्त्यावरच्या वाहतुकीचा, हे बरोबर लिहिलंयस. वर्षभराची घट पाचेक टक्क्यांवरच राहिली आणि 2021मध्ये बहुतेक भरून निघाली, हेही बरोबर. पण त्यावरून ‘लोक काही शिकलेच नाहीत’ हे कुठून काढलंस? वर लोकांना शहाणं करायच्या मोहिमेत नोकरी धरू का, असं मलाच विचारतेस!

अगं, लोक घरात बसले ते सक्तीनं. सवय बघायची तर टाळेबंदीचं कुलूप निघाल्यावरची बघ. मुंबईची लोकल मार्च 2020मध्ये थांबली. जूनमध्ये सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. दोन डोस झालेल्या सामान्य प्रवाशाला दार उघडलं 15 ऑगस्ट 2021ला. मधल्या काळात ठरावीक वेळांची मुभा मिळाली, गेली. पण कामं तर कधीच सुरू झाली होती! जुलै 2020मध्ये नालासोपाऱ्यात एसटी मिळेना म्हणून माणसं रुळांवर उतरली, लोकलनं जाऊ द्या म्हणत. त्यांना तू पर्यावरण शिकवणार? ती तर गाडीच मागत होती. ज्याला जमलं त्यानं हप्त्यानं स्कूटर घेतली. हप्ते चालू असताना लोकल सुरू झाली म्हणून कोणी स्कूटर विकत नाही. दारात उभी आहे म्हटल्यावर कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही तीच निघते.

म्हणून म्हणतो, आधी गाडी सोडा, म्हणजे बस-लोकलची फेरी चालू करा. प्रवासी मागून येतात.

माझी अख्खी नोकरी बसची वेळापत्रकं लावण्यात गेली. दर किलोमीटर उत्पन्न पडलं की पहिली कात्री रात्रीच्या फेरीवर. साहेब वेबिल, म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद, नाचवत विचारायचे, “चार तिकिटांसाठी गाडी पळवायची?” त्या चारातली एक दवाखान्यातली आया, दुपारपाळी संपवून घरी निघालेली. परतीची खात्री नसेल तर ती दुपारी तरी बसनं कशाला जाईल? मग दुपारचं उत्पन्न पडतं, आणि पुढची कात्री तिथे. हे मी सांगत राहिलो. हट्टी ठरलो, बढती अडली. अडू दे, हिशेब माझाच बरोबर होता. खंत एवढीच, की महामारीत रिकाम्या धावणाऱ्या गाड्या बघून फेऱ्या कापायची वेळ आली, तेव्हा मी निवृत्त होतो आणि साहेबांच्या टेबलाशी उभं राहून भांडायला कोणी नव्हतं.

पॅरिसनं मे 2020मध्ये र्यू द रिव्होली हा भर वस्तीतला रस्ता खासगी मोटारींना जवळजवळ बंद करून सायकलींना दिला. रस्ता मिळाला, सायकली आल्या. पुन्हा तेच: आधी सोय द्या, माणसं मागून येतात!

रागावू नकोस. तुझ्यासारखी आकडे वाचणारी पोर वेळापत्रकाच्या खोलीत हवी आहे, पगार कमी असला तरी. तुझ्या शहराचं फेब्रुवारी 2020चं बसचं वेळापत्रक मिळव, शेजारी आजचं ठेव आणि रात्री नऊनंतरच्या फेऱ्या मोज. कुठल्या मार्गावरच्या गेल्या तेवढं लिहून पाठव. उत्सर्जनाचे आलेख त्यानंतर बघू.