सात हजारांत ब्लाउजपुरती मशीन

चाळीतल्या एका खोलीत मावेल, ब्लाउज-पंजाबी ड्रेस होतील आणि सात हजारांच्या वर जाणार नाही, अशी मशीन तुम्ही विचारलीत. सरळ टाक्याची काळी लोखंडी घ्या; नवी बजेटात बसत नसेल तर जुनी. ब्लाउजला सरळ टाकाच लागतो. पिको (काठाची बारीक शिवण) आणि इंटरलॉक (कडा उसवू नये म्हणून घालायची शिवण) बाहेरून करून मिळतं, त्यासाठी झिगझॅगवर, म्हणजे नागमोडी टाक्याच्या मशीनवर, पैसे घालू नका. अडॅप्टरवर चालणारी प्लास्टिकची मिनी मशीन तर नकोच. बाहीच्या जोडावर अस्तरासकट सात-आठ थर येतात, तिथे ती अडते.

जुनी बघायला जाताना रुबियाची (ब्लाउजच्या पातळ सुती कापडाची) चिंधी, 14 नंबरची नवी सुई आणि दोन रंगांचे दोरे न्या. विकणारा जाड, कडक कापडावर टाका दाखवतो. त्यावर सगळंच छान दिसतं. तुम्ही वर एक रंग, बॉबिनला (खालच्या दोऱ्याच्या रिळाला) दुसरा लावून रुबियावर शिवा, मग तीच चिंधी आठपदरी करून. खाली दोऱ्याची जाळी झाली तर लगेच नाक मुरडू नका. बहुतेक वेळा वरचा दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांत बसलेलाच नसतो. कापड दाबणारा पाय वर उचलून पुन्हा ओवा.

टाके सुटले तर सुई बदला. तिची सपाट बाजू शटलकडे, म्हणजे खाली वरचा दोरा पकडणाऱ्या फिरत्या भागाकडे, हवी. तरीही सुटले तर शटलच्या टोकावरून नख फिरवा. टोक बोथट किंवा खरबरीत लागलं तर भाव पाडा, शटल बदलता येतं. सुई जिच्यात बसते ती उभी दांडी मात्र धरून पुढे-मागे हलवा. खडखडली तर मशीन सोडून द्या.

पायमशीनला दोन्ही हात मोकळे राहतात, पण स्टँड जागा खातो. तुमच्या खोलीत मोटरच बरी, म्हणून मोटर बसवायची सोय मशीनच्या उभ्या खांबाच्या मागे आहे का ते बघून घ्या. पट्टा फार ताणू नका, मोटर तापते.

मुंबईच्या पावसाळ्यात मशीन बंद असली तरी आठवड्याला तेल द्या, आणि ते मशीनचंच. खोबरेल आत घट्ट होऊन चाक जड करतं. (चाक जड म्हणून स्वस्तात निघालेली मशीन पुष्कळदा एवढ्यामुळेच अडलेली असते. तेलाच्या भोकांत केरोसीनचे थेंब सोडून चाक हाताने फिरवत राहायचं, मळ पुसायचा आणि मग मशीनचं तेल घालायचं.)