अनुदानाची फाईल वेगळी, सांडपाण्याची वेगळी

प्रिय बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. खाडीचं पाणी बाटलीत भरून ठेवलंस आणि आता त्या कारखान्याविरुद्ध तक्रार करायची म्हणतेस. जरूर कर. पण ती बाटली कोर्टात टिकणार नाही. 1974 च्या जल कायद्याचं कलम 21 वाच. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने नोटीस देऊन, कारखानदारासमोर नमुन्याचे दोन भाग करून सील लावलं, तरच तो नमुना पुरावा ठरतो. मंडळाकडे तक्रार देऊन असा नमुना घ्यायला लाव.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न तू विचारलेलाच नाहीस. या कारखान्याला सरकारकडून काय काय मिळालंय? आपल्या राज्यात 1964 पासून सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. जीएसटीचा परतावा, वीज शुल्कात माफी, मुद्रांक शुल्कात माफी. तिजोरीत यायचा पैसा कारखान्याकडे वळतो, म्हणजे तो आपलाच पैसा. ज्याला आपण पैसे देतो त्याच्या नाल्यात डोकावायचा आपला हक्क दुप्पट होतो, असं मी मनापासून मानतो.

अनुदानाची फाईल उद्योग संचालनालयाकडे, मंत्रालयासमोर. सांडपाण्याची फाईल मंडळाकडे, सायनला. मध्ये लोकलचा अर्ध्या तासाचा प्रवास, पण या दोन फायलींची भेट घडलेली मी क्वचितच पाहिली. रायगडातल्या एका कारखान्याच्या दोन्ही फायली मी माहितीच्या अधिकारात मांडीवर घेऊन वाचल्या. सायनच्या फाईलमध्ये जल कायद्याच्या कलम 33-अ खाली कारखाना बंद करण्याचा आदेश होता, वीज-पाणी तोडण्याच्या सूचनेसह. दुसऱ्या फाईलमध्ये त्याच महिन्यातली अनुदानाचा हप्ता मंजूर करणारी टिप्पणी. तपासणी यादीत ‘मंडळाचे संमतीपत्र जोडले आहे’ या ओळीपुढे निळ्या शाईची बरोबरची खूण. पान उलटून पाहिलं, तर त्या संमतीपत्राची, म्हणजे कारखाना चालवायच्या परवानगीची, मुदत सात महिन्यांपूर्वीच संपलेली. कोणी खोटं बोललं नव्हतं. कागद खरंच जोडलेला होता. त्याच्यावरची तारीख मात्र कोणी वाचली नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हा अर्ज दोन कर. संचालनालयाला पात्रता प्रमाणपत्र आणि आजवर दिलेल्या हप्त्यांच्या तारखा माग. ‘व्यापारी गुपित’ म्हणून नाकारतील. तेव्हा माहिती अधिकार कायद्याचं कलम 4(1)(ख)(12) समोर ठेव. अनुदान योजनांचे लाभार्थी आणि रकमा सरकारने स्वतःहून जाहीर करायच्या असतात. मंडळाकडून संमतीपत्रं, जेव्हीएस (संयुक्त दक्षता) नमुन्यांचे अहवाल, अटी पाळण्याची हमी म्हणून घेतलेल्या आणि मग जप्त केलेल्या बँक गॅरंटींचा हिशेब आणि दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत द्यायचं पर्यावरण विवरणपत्र माग. मग सगळ्या तारखा एकाच तक्त्यात लाव.

आणि एक, कृपा करून ‘कारखाना बंद करा’ ही पहिली मागणी ठेवू नकोस. गेट बंद झालं की पहिली चूल विझते ती कंत्राटी कामगाराची. मालकाचं ऑफिस नरिमन पॉइंटला चालूच राहतं. मग तोच कामगार तुझ्यासमोर उभा राहतो, आणि त्याचं चुकतही नाही. मागणी अशी ठेव: संमतीच्या अटी पाळल्याचं मंडळ लेखी देईपर्यंत पुढचा हप्ता रोखा, आणि उल्लंघनाच्या काळात दिलेले पैसे व्याजासह परत घ्या. हप्ता अडला की मालकाला त्याची झळ त्याच आठवड्यात लागते.

हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. वाद नेण्याची मुदत सहा महिने, भरपाई मागायची पाच वर्षं. म्हणून तुला पहिल्यांदा तो वास आला ती तारीख आजच वहीत लिहून ठेव.

अर्जांचे मसुदे शनिवारपर्यंत पाठव. मी लाल पेन घेऊन बसतो.

तुझा,
काका