तीन मीटरच्या धबधब्यासाठी कारुइझावात अर्धा दिवस घालवावा का?

तुमचा प्रश्न असा आहे: टोकियोहून एका दिवसासाठी कारुइझावाला जाताय, तिथला शिराइतो धबधबा जेमतेम तीन मीटर उंच आहे असं वाचलंत, तर आंबोली-ठोसेघर बघितलेल्या माणसाने त्यासाठी वेळ काढावा का?

काढा. फक्त उंचीचा विचार डोक्यातून काढून टाका. मीही नाक मुरडतच गेलो होतो. तीन मीटर म्हणजे आमच्या गावच्या घराची पडवीसुद्धा त्याहून उंच असेल! बसमधून उतरलो, ओढ्याच्या कडेने काही मिनिटं चाललो आणि समोर जे दिसलं ते बघून आधी पडवीच आठवली. पावसात कौलांवरून पागोळ्या गळतात ना, तशी पागोळ्यांची एक लांबच लांब रांग, धनुष्यासारखी वळलेली. रुंदी जवळजवळ 70 मीटर. त्याचं जपानी नाव 'शिराइतो नो ताकी': 'शिरा' म्हणजे पांढरा, 'इतो' म्हणजे धागा, 'ताकी' म्हणजे धबधबा. आपल्याला पडत्या पाण्यात दूध दिसतं, त्यांना सूत दिसलं.

खरी गंमत कळायला मला पाचेक मिनिटं लागली. मी सवयीने वर बघत होतो, नदी कुठून येते ते शोधत. वर नदीच नाही! वर नुसती झाडं आणि माती. पाणी कड्यावरून उडी मारत नाही, ते भिंतीच्या अंगातूनच बाहेर येतं. हा सगळा भाग आसामा नावाच्या 2,568 मीटर उंचीच्या जागृत ज्वालामुखीच्या उतारावर आहे. पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी वरच्या भुसभुशीत थरात मुरतं, खालचा घट्ट थर लागला की त्याला आणखी खाली जाता येत नाही, मग ते आडवं सरकत राहतं आणि उतार जिथे कापला गेलाय तिथे बाहेर पडतं. मुरलेलं पाणी बाहेर यायला सहा वर्षं लागतात असं तिथे सांगतात. म्हणजे आपल्या भाषेत याला धबधबा म्हणण्यापेक्षा पाझर म्हणायला हवं. दगडाला पाझर फुटतो हे आपण आयुष्यभर म्हणतो, मी तो प्रत्यक्ष तिथे पाहिला.

म्हणूनच आंबोलीशी तुलना लागू पडत नाही. आपले घाटातले धबधबे पावसाची लेकरं, दिवाळीनंतर त्यांच्या जागी काळा ओघळ तेवढा उरतो. हा बाराही महिने जवळपास तसाच वाहतो आणि आदल्या रात्री पाऊस झाला तरी गढूळ होत नाही. पाण्याचं तापमान वर्षभर 12 अंशांच्या आसपास. मी ऑगस्टमध्ये हात घातला, बोटं सुन्न झाली. भिजायचा बेत मात्र आखू नका. कुणी पाण्यात उतरत नाही, आणि कपडे सांभाळत, हातात कणीस घेऊन आरडाओरडा करणारी मंडळीही नाहीत. मला क्षणभर त्यांची आठवण आली हे कबूल करतो. कणसाच्या जागी तिथे काडीला टोचून मीठ लावून भाजलेला नदीतला मासा मिळाला, तोही वाईट नव्हता.

एक सावधगिरी. शिराइतो नावाचे धबधबे जपानभर आहेत. सगळ्यात प्रसिद्ध तो फुजीच्या पायथ्याशी, फुजिनोमियाचा, 20 मीटर उंच आणि 150 मीटर रुंद. मोबाइलवर नुसतं नाव टाकलं तर नकाशा तुम्हाला तिकडे धाडू शकतो. माझा एक मित्र "मी बघितलाय की तुझा शिराइतो" म्हणून फोटो दाखवू लागला, तर मागे फुजी!

टोकियोहून शिन्कानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, कारुइझावा साधारण सव्वा तासावर, तिथून बसने आणखी पंचवीसेक मिनिटं. गाडी घेतलीत तर रस्त्याला टोल आहे, धबधब्याला तिकीट नाही. सकाळच्या पहिल्या बसेसपैकी एक पकडा. दहानंतर टूरच्या बसगाड्या येतात आणि त्या अरुंद वाटेवर फोटोसाठी रांग लागते. ऑगस्टमधले सुट्टीचे दिवस तर टाळाच. कारुइझावा म्हणजे टोकियोकरांचं महाबळेश्वर: 1886 साली अलेक्झांडर क्रॉफ्ट शॉ हा कॅनडात जन्मलेला मिशनरी उकाड्याला कंटाळून इथे आला, आणि तेव्हापासून उन्हाळ्यात लोक वर चढताहेत ते चढताहेतच.

पायात जोर असेल तर परतीची बस सोडा आणि जंगलातून कोसे ओन्सेन या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या ठिकाणाकडे उतरणाऱ्या पायवाटेने या. वाटेत र्‍युगाएशी नावाचा दुसरा धबधबा लागतो, तो मात्र वरून खाली पडतो, आपल्या ओळखीचा. त्या जंगलात अस्वलं आहेत, म्हणून पाठपिशवीला छोटी घंटा बांधून चालतात. मी विसरलो होतो, तेव्हा दीड तास मोठमोठ्याने भीमसेनांचे अभंग म्हणत खाली आलो. अस्वल काही आलं नाही, समोरून येणारं एक जपानी जोडपं मात्र वाट देऊन बाजूला उभं राहिलं.